गॅसमागची काच

मुलाच्या दंडावर गुडघा रोवून मी बसले होते आणि तो मला शिव्या घालत होता. कोपराच्या आतल्या बाजूला, रक्त तपासायला सुई टोचतात तिथे, काच शिरून बाहेर पडली होती. रक्त वाहत नव्हतं, उडत होतं. नाडीच्या ठोक्यागणिक एक पिचकारी. फ्रीजच्या पांढऱ्या दारावर, सिंकमधल्या धुतलेल्या ताटांवर, माझ्या चष्म्यावर. चष्म्यातून काही दिसेना तेव्हा मी मान झटकून तो खाली पाडला, कारण हात मोकळे नव्हते. दोन्ही तळहात एकावर एक ठेवून त्या भोकावर मी सगळं अंग टाकलं होतं.

"सोड, आई! हात मोडला माझा! सोड!"

"मोडू दे."

मोकळ्या हातानं त्यानं मला ढकललं. मी हलले नाही, तसा ठोसा मारला. तो माझ्या तोंडावर बसला. पुढचा एक दात तेव्हाच गेला. थुंकला की गिळला ते मला आजही सांगता येणार नाही.

सून भिंतीला पाठ लावून उभी होती. हातात फोन होता, पण ती तो नुसता धरून होती.

"लाव की फोन!"

"आई, तो म्हणतोय गाडीनं जाऊ... अँब्युलन्स नको..."

"त्याचं काय ऐकतेस? तो मरतोय. लाव!"

माझा एकुलता एक मुलगा तो. इचलकरंजीहून शिकून न्यू जर्सीत कंप्युटरच्या नोकरीला लागलेला. माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा मागावर होता, तो कधीच गेला. २००५ साली मुलानं पिस्कॅटवेला स्वतःचं घर घेतलं आणि वास्तुशांतीला मला बोलावून घेतलं. सहा महिने राहायला म्हणून गेले होते.

तिथली घरं लाकडाची. जमीन लाकडाची, जिना लाकडाचा, भिंतीवर बुक्की मारली तर पोकळ वाजते. वास्तुशांतीच्या दिवशी बाहेर पाऊस होता. गुरुजींना पुढे दुसऱ्या घरी सत्यनारायण सांगायचा होता, त्यामुळे ते सारखे घड्याळ बघत होते. अन्नपूर्णेला नैवेद्य दाखवून झाला आणि ते म्हणाले, "आता चुलीपुढे नारळ वाढवा." नारळ वाढवायचा कशावर? ओट्याचा दगड गुळगुळीत आणि महागाचा, त्यावर साधा तांब्या ठेवायचा तरी सून खाली फडकं घालायची.

मी म्हटलं, "बाहेर पायरीवर फोड."

मुलगा म्हणाला, "पावसात? आणि शेजारचे बघतात गं, आई. त्यांना वाटेल काय चाललंय."

त्यानं गॅसवरच्या लोखंडी जाळीवर नारळ आपटला. पहिल्यांदा नुसता आवाज झाला. दुसऱ्यांदा दात खाऊन आपटला, तेव्हा नारळ फुटला खरा, पण अर्धी वाटी हातातून सुटून मागच्या काचेवर जाऊन आदळली. गॅसच्या मागे ओट्यापासून वर चिमणीपर्यंत भिंतीला एक मोठी हिरवट काच होती. आधीच्या घरमालकानं, एका म्हाताऱ्यानं, स्वतःच बसवलेली. काचेवरून नारळाचं पाणी ओघळलं आणि खालच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसायला लागली.

"काच तडकली," सून म्हणाली.

"नारळ फुटला ना? मग झालं," गुरुजी म्हणाले आणि दक्षिणा घेऊन निघाले.

दुसऱ्याच दिवशी सुनेनं ती काच झाकली. तिकडे आपल्या लोकांच्या घरी गेलात तर गॅसच्या मागे चांदीसारखा कागद लावलेला दिसेल, पोळ्या गुंडाळतात तोच. आपली फोडणी उडते, हळदीचे डाग भिंतीतून निघत नाहीत, आणि भाड्याचं घर सोडताना मालक कुरकुर करतो, म्हणून ही पद्धत पडली. हे दोघं आता स्वतःच्या घरात आले होते, पण हाताची सवय सुटत नाही. सुनेनं अख्ख्या काचेवर फॉइल लावलं आणि कडेनं चकचकीत चिकटपट्टी मारली. फॉइल तेलकट झालं की जुनं न काढता त्यावरच नवं लावायची. सारवणावर सारवण घालावं तसं. मी रोज त्याच्यापुढे फोडण्या देत होते, मोठ्या आचेवर भाकऱ्या भाजत होते. आतमध्ये ती रेघ कुठवर गेली ते कुणीच पाहिलं नाही. पाहणार कसं?

जानेवारीत सुनेनं हळदीकुंकू ठरवलं. नव्या घरातलं पहिलं. आणि मग तिला ते फॉइल डोळ्यांत खुपायला लागलं.

"बायका काय म्हणतील?"

"त्यांच्याकडे पण आहे की," मी म्हटलं.

"त्यांची अपार्टमेंट्स आहेत, आई. आपलं घर आहे."

काच बदलायची असं ठरलं. मापानं कापून आणलेली नवी काच गॅरेजमध्ये कांबळ्यात गुंडाळून उभी होती. ती जाड होती. जुनी काच म्हणजे खिडकीची साधी काच होती, आगीजवळ लावायची नव्हेच, हे आम्हाला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी माझ्या मुलानं ऐकलं असतं असं नाही.

मी म्हटलं, "माणूस बोलाव."

"माणूस दोन आठवड्यांनी येतो म्हणाला. तोवर हिचं हळदीकुंकू होऊन जाईल. आणि इथे सगळे सगळं स्वतःच करतात, आई. प्लंबिंगसुद्धा."

"सायकलची चेन तरी कधी बसवलीस का तू?"

"दुकानातून कागद दिलाय. स्टेप बाय स्टेप लिहिलंय."

"मग कागदालाच सांग बसवायला."

सून हसली. तो चिडला. तो शनिवार होता, सकाळचा चहा झाला होता, बाहेर बर्फ साचलं होतं. मी जेवणाच्या टेबलाशी बसून तिळाच्या वड्या थापत होते. टेबलावर बायकांना द्यायच्या खणांची चळत ठेवलेली. त्यानं गॅसच्या जाळ्या काढून ठेवल्या, गॅसवर पोळपाट पालथा घातला, त्यावर एक गुडघा टेकून वर चढला. अंगात अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट. हातात भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे.

चिमणीच्या खाली एक पट्टी होती, तिचे स्क्रू त्यानं काढले. काच बाहेर येईना. त्यानं ती हलवली, तळहातानं वरखाली ठोकली. माझा नवरा मागाला लाथा मारायचा, सूत तुटलं म्हणून. हाही तसाच, राग हातात येतो.

"हळू," सून म्हणाली.

"तू बाजूला हो. फॉइलनंच धरून ठेवलंय हिला. कितीदा लावलंस? दहा थर आहेत!"

"तूच म्हणालास वरून लाव म्हणून."

"मी म्हणालो?"

असं म्हणत त्यानं फॉइलचं वरचं टोक पकडलं आणि एका झटक्यात सालटासारखं खाली ओढलं. काच केव्हाच चिरफळून गेली होती. फॉइल आणि चिकटपट्टीनं तुकडे उभे धरले होते, ती पकड गेली. कडकन आवाज झाला, मग कोयता दगडावरून ओढावा तसा घसरण्याचा. वरचा तुकडा, हातभर लांब आणि खाली निमुळता, त्याच्या छातीपुढून आला. तो धरायला म्हणून मूर्खानं हात पुढे केला. काच हात कापून गेली आणि ओट्यावर फुटली. मागोमाग बाकीची आली. पोळपाट, गॅस, जमीन, सगळीकडे सुऱ्या पडाव्यात तसे तुकडे.

तो खाली उतरला. हाताकडे न बघताच म्हणाला, "काही नाही. लागलं नाही."

मग पिचकारी उडाली. तिळाच्या वड्यांवर पडली.

"ओ शिट," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली घ्यायला निघाला. "मी ईआरला जाऊन येतो." हॉस्पिटलात जायचं, ते भाजी आणायला जावं तसं म्हणाला. दोन पावलं गेला तर मागे रक्ताची वाट.

आमच्याकडे सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, एका माणसाचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला होता. माझा नवरा तिथे होता. सगळे भोवती उभे राहिले, एकानं चुना आणला, एकानं हळद, एक म्हणाला रिक्षा, एक म्हणाला टेम्पो. त्याला त्याच्या पायांनी चालवत फाटकापर्यंत नेला. फाटकातच मेला. नवऱ्याच्या पायजम्यावरचं ते रक्त मी धुतलं होतं. किती धुतलं तरी गेलं नव्हतं.

मी मुलाच्या टीशर्टची मान मागून धरली आणि त्याला खाली ओढलं. तो सहा फुटी, मी त्याच्या खांद्याखाली. पण रक्तावरून पाय सरकला आणि तो उताणा पडला, काचांवर. पाठीत शिरल्या असतील. मी त्याच्या दंडावर बसले.

सून पळाली. मला वाटलं फोन आणायला. ती हळदीचा डबा घेऊन आली. एमएससी झालेली मुलगी, मोठ्या ऑफिसात काम करते. तिनं अख्खा डबा जखमेवर पालथा घातला. क्षणभर सगळं पिवळं झालं, मग नारिंगी, आणि मग ते सगळं वाहून जमिनीवर आलं. मी डब्याला लाथ मारली.

"फोन! फोन आण!"

तो आणल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली, ते वर सांगितलंच आहे. शेवटी मी तिला अशी एक शिवी दिली जी बाईनं बाईला देऊ नये, आणि तिनं नंबर दाबला.

फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे एक बाई, शांत. सून तिच्याशी मराठीत बोलायला लागली आणि मला इंग्रजीत सांगायला लागली.

"शी सेज प्रेस, आई, प्रेस हार्ड, डोन्ट लिफ्ट..."

"मला मराठीत सांग, माझे आई!"

"दाबा! घट्ट! कापड लावून दाबा. उचलून बघायचं नाही म्हणतायत. काही झालं तरी हात काढायचा नाही, कुणीतरी येऊन सांगेपर्यंत."

"कापड दे."

तिनं टेबलावरचे खण फेकले. लाल, हिरवे, जरीच्या काठाचे. मी चार-पाच खण एकत्र कोंबले आणि वरून दाबलं. जर हाताला टोचत होती. तो ओरडत होता, लाथा झाडत होता, "म्हातारे, मारशील मला" म्हणत होता. एक ठोसा दातावर, एक कानाखाली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तो मारत होता तोवर जिवंत होता.

मग त्यानं मारायचं थांबवलं.

हात धपकन जमिनीवर पडला. ओठ राखेसारखे झाले. डोळे अर्धे मिटले, बुबुळं वर. तेव्हा मी घाबरले.

"त्याला बोलतं ठेवा म्हणतायत," सून रडत म्हणाली. "जागं ठेवा."

थोबाडीत द्यायला हात नव्हते. मी वाकले आणि त्याच्या खांद्याला चावले. कडकडून. माझ्या तोंडातलं रक्त आणि त्याचं रक्त एक झालं.

त्यानं डोळे उघडले. "काय करतेस गं, म्हातारे?"

"एकोणतीसचा पाढा म्हण."

"काय?"

"एकोणतीसचा. लहानपणी कधी आला नाही तुला. म्हण, नाहीतर पुन्हा चावेन."

"एकोणतीस एके एकोणतीस," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. चोक... चोक..."

"चोक सोळोत्तरशे. पुढे!"

"गप ना, आई. झोप येतेय."

"झोपशील तर याद राख. पंचे?"

पंचे काय ते त्यानं सांगितलं नाही.

बाहेरचं दार सुनेनं उघडून ठेवलं होतं. पहिल्यांदा पोलीस आला, अँब्युलन्स नाही. तरुण, लालबुंद, बुटांना बर्फ. त्याला काय दिसलं असेल? जमिनीवर रक्तात पडलेला माणूस, त्याच्या अंगावर बसलेली, तोंडातून रक्त गळणारी म्हातारी, भोवती काचेचे सुरे, आणि कोपऱ्यात किंचाळणारी बायको. तो माझ्यावर ओरडला. मला कळलं नाही, पण ऊठ म्हणतोय एवढं कळलं. मी उठले नाही. त्यानं माझ्या स्वेटरची मान धरून मला मागे खेचलं. मी मागच्या मागे त्याच्या नडगीवर लाथ मारली. कुणीतरी येऊन सांगेपर्यंत हात काढायचा नाही, असं फोनवरच्या बाईनं सांगितलं होतं. याचं सांगणं मोजायचं की नाही, मला काय ठाऊक?

"शी इज हिज मदर!" सून ओरडली. "शी इज होल्डिंग इट! मदर!"

तो थांबला. मग गुडघ्यावर बसला, रबरी मोजे चढवले, आणि माझ्या हातांवर आपला हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. बोटांनी एक, दोन, तीन केलं. तीनला मी हात ओढले. तेवढ्या फटीतून पिचकारी त्याच्या हनुवटीवर गेली. त्यानंही एक शिवी दिली, ती मला बरोबर कळली. मग त्यानं सगळा भार टाकून दाबलं.

अँब्युलन्सवाले आले, त्यांनी दंड आवळला, त्याला पट्ट्यांनी बांधून नेला. दुसरा एक पोलीस सुनेला आतल्या खोलीत घेऊन गेला आणि माझ्या तोंडाबद्दल विचारायला लागला. आईला कुणी मारलं? तो नेहमी मारतो का? तुला मारतो का? तिनं सगळं जसं झालं तसं सांगितलं. त्याला पटलं की नाही देव जाणे. माझ्या सुजलेल्या गालाचे त्यानं फोटो काढले.

हॉस्पिटलात आम्ही खुर्च्यांवर बसून होतो. माझ्या नखांत हळद आणि रक्त सुकलं होतं.

"आई, तुम्ही त्याला चावलात," सून म्हणाली.

"हो."

ती हसायला लागली. हसता हसता उठून कोपऱ्यातल्या बादलीत ओकली.

डॉक्टरांनी पायाची शीर काढून हाताला जोडली. वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी हात मांडीएवढा फुगला, बोटं काळी पडली. पुन्हा आत नेला आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उभी चिरून तशीच उघडी ठेवली, आत जागा व्हावी म्हणून. ती जखम मी पाहिली. सोललेल्या बकऱ्यासारखी. मग ताप चढला. रक्तात विष पसरलंय, हात काढावा लागेल, काढूनही माणूस वाचेलच असं नाही, असं सांगितलं. घशात श्वासाची नळी घातलेली असल्यानं त्याला बोलता येत नव्हतं.

घरी स्वयंपाकघर तसंच होतं. सुनेला तिथे पाऊल टाकवेना. मी गुडघ्यावर बसून जमीन घासली. फळ्यांच्या सांध्यांत रक्त काळं झालं होतं, ते सुरीच्या टोकानं कोरून काढलं. भिंतीला काचेचे दोन उभे तुकडे अजून चिकटलेले होते. ते घर मला तसं ठेवायचं नव्हतं. मुलगा येवो की न येवो, सुनेला तिथे शिजवून खायचं होतं.

दोन आठवड्यांनी येणारा काचवाला लवकर आला. सुनेनं फोनवर रडून काय सांगितलं असेल ते असो. खांद्यापर्यंत जाड बाह्या, डोळ्यांवर चष्मा. आधी त्यानं उरलेल्या तुकड्यांवर आडव्यातिडव्या पट्ट्या मारल्या, मग हातोडीनं फोडले. प्रत्येक घावाला मी दचकत होते आणि त्याचा मला राग येत होता. त्यानं जमिनीच्या सांध्यांकडे पाहिलं. मग गॅरेजमधली काच आणून भिंतीला लावली, कडेनं डिंकासारखं काही भरलं, आणि हाताच्या खुणेनं सांगितलं, आज गॅस पेटवू नका.

तो हत्यारं आवरत असताना हॉस्पिटलातून फोन आला. सुनेनं घेतला. ती नुसतंच "येस, येस" म्हणत राहिली आणि तिच्या तोंडावरून मला काही कळेना. मी तिचा दंड धरला आणि हलवला. कदाचित जोरात हलवला असेल, नंतर तिथे बोटांचे वळ दिसत होते.

"सांग. आहे की गेला?"

"ताप उतरलाय," ती म्हणाली. "नळी काढली. हात ठेवतायत."

मी जमिनीवरच बसले. काचवाल्याला वाटलं मला चक्कर आली, त्यानं पाणी दिलं.

मुलगा जगला. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, बाकी हात चालतो. मी जगले, सून जगली.